खांदा दुखावलाय? रात्रीची सोय आधी बघा
खांद्याचं ऑपरेशन झालं की दिवस कसाबसा निघतो, रात्र मात्र सरत नाही. आडवं झालं की कोपर मागे ढळतं आणि कळ मानेपर्यंत जाते. पाठीशी दोन-तीन उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपा. आपली सोलापुरी चादर घडी करून कोपराखाली सारा. झोपल्या झोपल्या स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. टॉवेलही चालतो, पण चादर जाड, लवकर दबत नाही.

शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर, त्यात स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी! काख चिघळतेच. डॉक्टरांनी स्लिंग काढायला मुभा दिली असेल, तर चांगल्या हातानं टेबल धरून पुढं वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या आणि काख कोणाकडून तरी पुसून घ्या.