इंग्लंडमध्ये शाळाप्रवेश आणि पार्किंग परमिट: काउन्सिलचा अर्ज भरताना

इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत मुलाचं नाव घालायचं तर अर्ज शाळेकडे नाही, आपण ज्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, हद्दीत राहतो तिच्याकडे करायचा. हवी असलेली शाळा शेजारच्या हद्दीत असली तरीही. रिसेप्शन म्हणजे शाळेचा पहिला वर्ग; त्यासाठी शेवटची तारीख १५ जानेवारी, सेकंडरीसाठी त्याआधीची ३१ ऑक्टोबर. ३१ ऑगस्टपर्यंत मूल चार वर्षांचं होत असेल, तर ते त्याच सप्टेंबरला रिसेप्शनमध्ये जाऊ शकतं. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल अर्जाच्या वेळी जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं, म्हणून तारीख हुकते ती बहुतेक इथेच. त्या शाळेच्या नर्सरीत मूल आधीपासून जात असलं तरी नवा अर्ज लागतोच.

अर्जात किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. सगळ्या रकान्यांत नावं भरा. एकच शाळा लिहिली की काउन्सिलवर दबाव येतो, हा गैरसमज फार महागात पडतो. जागा द्यायची की नाही हे ठरवताना, तुम्ही कोणती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली आहे ते शाळा पाहत नाही. प्रत्येक शाळेचे निकष लावले जातात आणि जागा मिळू शकणाऱ्या शाळांपैकी तुमच्या यादीत सर्वांत वरची तुम्हाला मिळते. एकही बसली नाही, तर जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतात, मग ती लांब का असेना. त्यामुळे मनातली शाळा पहिली लिहाच, पण हमखास मिळेल अशी एक तरी यादीत ठेवा.

ती हमखास कशी ओळखायची? काउन्सिलच्या प्रवेशपुस्तिकेत गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली ते बहुधा दिलेलं असतं. समजा तो आकडा ०.६ मैल आहे आणि तुमचं घर १.२ मैलांवर, मग शाळा कितीही नावाजलेली असो, आशा कमीच. अंतर सरळ रेषेत मोजतात की पायी रस्त्याने, तेही पाहा. भावंडं आधीच शाळेत असलेल्या मुलांना बहुतेक ठिकाणी अंतराआधी प्राधान्य असतं. चर्चशी संलग्न अनेक शाळांचा वेगळा पुरवणी फॉर्म असतो आणि तो बहुधा थेट शाळेला द्यावा लागतो.

निकाल सेकंडरीचा १ मार्चला, प्रायमरीचा १६ एप्रिलला. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मिळालेली शाळा आवडली नाही तरी जागा स्वीकारा. त्याने प्रतीक्षायादीतलं नाव जात नाही; नाकारली तर मात्र हाती काहीच उरत नाही. ही यादी निकषांनुसार लागते, आधी कोण आलं यावर नाही, म्हणून तुमचा क्रमांक खालीही जाऊ शकतो. अपील करता येतं, पण रिसेप्शन ते दुसरीपर्यंत एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा असल्याने नियम चुकीचे लावले गेल्याचं दाखवता आलं नाही तर ते क्वचितच टिकतं.

वर्षाच्या मध्येच भारतातून आलात तर ‘इन-इयर’ अर्ज करायचा. तो कुठे काउन्सिल घेते, कुठे शाळा स्वतः.

आता घराजवळच्या रस्त्यावर गाडी लावण्यासाठीचं पार्किंग परमिट. तेही काउन्सिलच देते आणि त्याला पत्त्याचा पुरावा लागतो: काउन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या कराचं) बिल किंवा भाडेकरार, सोबत गाडीचं व्ही५सी लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद. लॉगबुकवर जुना पत्ता असेल तर अर्ज अडतो, म्हणून तो आधी बदलून घ्या. गाडी लीजवर किंवा कंपनीची असेल तर ती तुम्ही वापरता असं पत्र लागतं. घर भाड्याने घेण्याआधी ती इमारत ‘कार-फ्री’ अटीवर (रहिवाशांनी गाडी ठेवू नये या अटीवर) बांधलेली नाही ना, हे काउन्सिलला विचारा; असेल तर तिथल्या रहिवाशांना सहसा परमिट मिळत नाही. परमिट म्हणजे राखीव जागाही नव्हे, फक्त त्या झोनमध्ये गाडी लावायची मुभा. हल्ली अनेक ठिकाणी काचेवर लावायचा कागद नसतो, नोंदणी क्रमांकच तपासतात. गाडी बदलली की त्याच दिवशी परमिटच्या खात्यात नवा क्रमांक टाका. तरीही दंडाची नोटीस आली तर १४ दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम लागते. हरकत घ्यायची असेल तर तीही याच १४ दिवसांत घ्या, म्हणजे ती फेटाळली गेली तरी बहुतेक काउन्सिल पुन्हा निम्म्या रकमेची संधी देतात.