एप्रिल-मे मधलं इंग्लिश फुटबॉलचं टेबल कसं वाचायचं (वही-पेन घेऊन बसा)

आमच्या नेरुळच्या ग्रुपवर एप्रिल लागला की एकच विषय, यंदा खाली कोण जाणार. मग कोणीतरी टेबलचा स्क्रीनशॉट टाकतो आणि रात्री दीड वाजेपर्यंत त्यावर मारामारी. स्क्रीनशॉटवर भांडू नका राव, तो अर्धवट असतो, एकाच्या ३३ मॅच झालेल्या, दुसऱ्याच्या ३४, आणि कोणाची कोणाशी राहिलीये ते तर त्यात दिसतच नाही. मी काय करतो ते सांगतो, शंभर पानी वही लागते फक्त.

नवीन लोकांसाठी पटकन: प्रीमियर लीग म्हणजे सगळ्यात वरची लीग, तिच्यात २० टीम, ३८ मॅच, खालच्या ३ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या लीगमध्ये जातात. चॅम्पियनशिपमध्ये २४ टीम, ४६ मॅच, वरच्या २ डायरेक्ट वर येतात आणि तिसरी त्यांच्या खालोखालच्या टीमच्या प्लेऑफमधून (आपापसातली बाद फेरी). पॉइंट सेम झाले तर आधी गोल डिफरन्स (जीडी, मारलेले वजा खाल्लेले गोल), मग मारलेले गोल, मग आपापसातल्या मॅच.

आता वही. प्रत्येक टीमपुढे चार गोष्टी लिहा, आत्ताचे पॉइंट, जीडी, उरलेल्या मॅच कोणाशी, आणि जास्तीत जास्त किती होतील (उरलेल्या मॅच गुणिले ३ करून मिळवायचे). समजा १७ वर अ आहे ३५ पॉइंटवर, १८ वर ब ३१, १९ वर क ३०, विसावी कधीच गेलीये, आणि तिघांच्या दोन-दोन मॅच बाकी. ब जास्तीत जास्त ३७, क ३६. म्हणजे अ ला अजून एक जिंकायलाच हवी असं वाटतं, आणि ९० टक्के पब्लिक इथेच हिशोब बंद करून झोपते. पण फिक्स्चर बघितलं तर कळतं की ब आणि क एकमेकांशीच खेळतायत! दोघं तर जिंकू शकत नाहीत ना. ती ड्रॉ झाली तर ब ३२, क ३१, एकेकच मॅच उरली, म्हणजे ब ३५ च्या वर नाही आणि क ३४ वर संपली. अ तेव्हा घरी सोफ्यावर बसलेली असली तरी जवळपास वाचली. जवळपास का, तर ब ३५ ला बरोबरी करू शकते, मग जीडी. अ चा उणे १४, ब चा उणे २७ धरा. अ ने उरलेल्या दोन्ही मॅच ०-३ ने घालवल्या तर उणे २०, ब ने शेवटची ४-० मारली तर उणे २३. तरी अ च वर. म्हणून मी चांगल्या जीडीला अर्धा पॉइंट धरतो, वहीत तसं लिहितोच, ३५ आणि अर्धा.

आणि ते '४० झाले की सेफ' वालं डोक्यातून काढा. २००३ मध्ये वेस्ट हॅम ४२ पॉइंट घेऊन खाली गेली, आणि २०२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट ४ पॉइंट कापले जाऊनसुद्धा ३२ वर वाचली. आकडा दरवर्षी खालच्या तीन टीम ठरवतात, बाकी कोणी नाही.

मी हे सगळं शिकलो ते १३ मे २०१२ ला. मित्राच्या फ्लॅटवर सातजण, साडेसातला मॅच सुरू, टायटलसाठी मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड सेम पॉइंटवर, सिटीचा जीडी भारी. ९० मिनिटं झाली, सिटी घरच्या ग्राउंडवर क्यूपीआरशी (क्वीन्स पार्क रेंजर्स) १-२ मागे, तिकडे युनायटेड संडरलंडला १-० पुढे. आमचा युनायटेडवाला उठला, म्हणे आज थम्सअप माझ्याकडून, आणि गेला खाली. तो लिफ्टमध्ये असताना सिटीच्या झेकोने मारला, आणि ९३:२० ला अगुएरोने. दोघांचे ८९, जीडी ६४ आणि ५६, टायटल सिटीचं. तो दोन लिटरची बाटली घेऊन दारात आला तर आम्ही सगळे एकदम गप्प, त्याला वाटलं आम्ही जळतोय, म्हणून त्याने दारातच नाचायला सुरुवात केली. मागून रिप्ले लागला तेव्हा थांबला. बाटली कोणी उघडलीच नाही त्या दिवशी.

पण मला दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच ग्राउंडवर क्यूपीआर स्वतः रेलिगेशनमधून (खाली जाण्यापासून) वाचायला खेळत होती, आणि बोल्टन स्टोकला २-२ अडकली म्हणून हरूनही वाचली, ३७ विरुद्ध ३६. अर्धी मजा मी बघितलीच नव्हती. तेव्हापासून शेवटच्या दिवसाच्या दहाही मॅचपुढे 'कोणाला काय पाहिजे' लिहितो. ज्यांना काहीच नको, त्यांच्यापुढे 'मे महिन्याची सुट्टी' लिहितो, पण त्यांच्याविरुद्धचे ३ पॉइंट आधीच मोजून टाकू नका, टेन्शन नसलेली टीम कधीकधी फारच मोकळी खेळते.

चॅम्पियनशिपकडे लोक बघत नाहीत, चूक करतात. २०२५ मध्ये लीड्स आणि बर्नली दोघांचे १००-१००, दोघं वर, पहिला नंबर जीडीवर लीड्सचा. शेफील्ड युनायटेड ९० घेऊन तिसरी, चौथी संडरलंड ७६ वर. १४ पॉइंटचा फरक! आणि वेम्बलीच्या प्लेऑफ फायनलमध्ये शेफील्डविरुद्ध संडरलंडच्या टॉम वॉटसनने इंज्युरी टाइममध्ये मारला, २-१, संडरलंड वर. शेफील्डची ४६ मॅचची मेहनत एका संध्याकाळी पाण्यात. तिसऱ्या नंबरवाल्यांचं टेन्शन टायटलवाल्यांपेक्षा जास्त असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

टायमिंग: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ पुढे जातं, मग आपल्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे त्यांची दुपारी ३ ची मॅच आपल्याकडे साडेसातला. आणि गंमत म्हणजे शनिवारी ३ च्या मॅच इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाईव्ह दाखवतच नाहीत, आपण ठाण्यात बसून बघतो. वीकडेची रात्री ८ ची मात्र आपली साडेबाराला, सकाळी ट्रान्स हार्बर लोकल पकडायची असेल तर विचार करा.

शेवटच्या रविवारी सगळ्या मॅच एकदम सुरू होतात, साधारण आपल्या साडेआठला. आमरस-पुरी आठच्या आत उरकून घ्या, नंतर आईने हाक मारली तरी उठता येत नाही. मोठ्या टीव्हीवर रेलिगेशनची मॅच, मोबाईलवर लाईव्ह टेबल. टायटल बहुतेक वेळा आधीच लागलेलं असतं, २०२५ ला लिव्हरपूलने २७ एप्रिललाच उरकलं होतं. मोबाईलचा स्ट्रीम टीव्हीच्या मागे धावतो म्हणून दोन्हीकडे मॅच लावू नका, आणि ग्रुप म्यूट करा, आमच्यात एक ऐरोलीवाला आहे ज्याचं नेट सगळ्यांच्या पुढे असतं आणि तो फक्त 'गेलेऽऽ' एवढंच लिहितो, कोण ते सांगत नाही.