रक्त कमी निघालं? गोळ्या सुरू करण्याआधी आणि नंतर काय करायचं

सोलापुरात मार्च लागला की प्रत्येक थकव्याला एकच कारण सापडतं: ऊन. जिना चढताना दम लागला, ऊन. भाकरी थापताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ऊनच. पारा चाळिशीच्या पुढे असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण हाच त्रास गड्ड्याच्या जत्रेत, ऐन थंडीतही होत असेल, धडधड होत असेल, कच्चे तांदूळ किंवा खडू-माती खावीशी वाटत असेल, तर रक्त तपासून घ्या. फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोचवतं ते लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन, म्हणजेच एचबी. ते घटलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त पळावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता आहे. म्हणून तर ‘बायकांना थोडं कमीच असतं’ असं म्हणून विषय मिटवला जातो. तसं काही नसतं.

पहिलं काम: नुसतं एचबी नको, सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची तपासणी) करा

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. पण हा आकडा ‘किती कमी’ एवढंच सांगतो. ‘का कमी’ याचा धागा सीबीसीच्या कागदावर थोडा खाली, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, या ओळीत मिळतो. तो ८० पेक्षा कमी म्हणजे पेशी लहान आहेत, आणि बहुतेक वेळा लोह कमी आहे. १०० च्या वर गेला तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडचा संशय घ्यायचा; पायाला मुंग्या येणाऱ्या पक्क्या शाकाहारी माणसाने तर नक्कीच. डॉक्टरांना फेरिटिनबद्दलही विचारा. शरीरात लोहाचा साठा किती उरलाय ते त्यावरून कळतं. मात्र अंगात ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा फुगून येतो.

पेशी लहान, पण फेरिटिन चांगलं, असं निघालं तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची तपासणी करावी लागते. अशा माणसाने उगाच लोहाच्या गोळ्या खात बसू नये. आणि घरात लग्नाचं बघत असाल तर जोडीदाराचीही ही तपासणी आधीच करून घ्या; दोघांतही हा दोष असेल तर मुलाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो.

दुसरं: रक्त जातंय कुठे ते शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुकते ती हीच पायरी. गोळ्या सगळेच लिहून देतात, पण गळती बंद केल्याशिवाय टाकी कशी भरणार? पाळी सात दिवसांच्या पुढे जाते का, गाठी पडतात का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. सासूबाई सोबत असतील तर त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं तरी चालतं.

मूळव्याधीचं रक्त लाजेने लपवलं जातं. दुसरी लपलेली वाट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या किंवा मागावर उभं राहणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच. मग मेडिकलमधून आणलेली गोळी रोज पोटात जाते आणि जठरातून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. शेतात अनवाणी फिरणाऱ्यांना हुकवर्म, म्हणजे आकडेकृमी असू शकतात. त्यासाठी जंताचं औषध घ्यावं लागतं. आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर पोट-आतड्यांची दुर्बिणीतून तपासणी टाळू नका. त्यामागे कधीकधी आतड्याचा कॅन्सर असतो.

तिसरं: गोळी नीट घ्या

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गोळी चांगलीच आहे. घोळ होतो तो ती घेण्यात. सकाळी चहा झाला की त्यावरच गोळी, हा आपल्याकडचा ठरलेला क्रम. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच धरून ठेवतं आणि अर्धंअधिक लोह वाया जातं. गोळी आणि चहा यांत दोन तास ठेवा. गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी एकाच खिडकीवर मिळते म्हणून एकाच घोटात घेऊ नका. एक दुपारी, एक रात्री. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास हवेत.

मळमळ झाली, शौचाला कडक झालं, म्हणून अनेकजणी आठवड्यात गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना ‘एक दिवसाआड घेऊ का?’ असं विचारा. लोहाचा एक डोस पोटात गेला की पुढचा दिवसभर शरीर लोह शोषायला हात आखडता घेतं, त्यामुळे एक दिवसाआड घेऊनही अनेकांचं काम चांगलं होतं. शौचाचा रंग काळपट होणारच. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं असेल तर लगेच दाखवा. गोळ्यांची पट्टी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल गोळ्या गोड समजून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

ताटाचं काय?

खाण्याने भर पडते, पण एचबी आठवर असताना नुसत्या खाण्यावर विसंबू नका. बीट आणि डाळिंब रंगामुळे मान खाऊन जातात. डाळिंब आपल्या सांगोल्याचं असलं तरी त्यात लोह नावालाच. त्यापेक्षा अळीव, मोड आलेली मटकी, माठ, तीळ बरे. मालदांडीची भाकरी आणि शेंगा चटणी चालू द्या, फक्त ताटात लिंबाची फोड हवी आणि जेवणावर लगेच चहा नको. मांसाहारी असाल तर मटणातलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं.

पुन्हा तपासा

महिन्याभराने एचबी किमान एक ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी खरंच पोटात जातेय का, गळती चालू आहे का, निदान बरोबर आहे का, हे बघावं लागतं. शिरेतून लोहाचं इंजेक्शन हा पर्याय त्यानंतर. गरोदरपणात मात्र पहिले तीन महिने ते देत नाहीत. एचबी सातच्या खाली असेल तर वेळ न घालवता सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. बसल्या जागी दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्याच दिवशी, आकडा कितीही असो.

एचबी बारावर आलं की गोळ्या कपाटात जातात, आणि सहा महिन्यांत पुन्हा नऊ. कारण तोवर फक्त रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. आकडा नॉर्मल झाल्यावरही आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची, मग फेरिटिन बघून डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवायची.