जुनी बर्बन घेताय? या चुका टाळा

"१९७५ ची बाटली आहे, म्हणजे ५० वर्षं मुरलेली!" असं कुणी म्हणालं की मी हल्ली नुसते हात जोडतो. अहो, बर्बन म्हणजे अमेरिकेतली, मुख्यतः मक्याची व्हिस्की, आणि व्हिस्की मुरते पिंपात. बाटलीत गेली की वय थांबलं. लेबलवर ८ वर्षं लिहिलंय ना, मग ती आजही ८ वर्षांचीच.

आकडा मोठा तेवढा माल भारी, हेही खरं नाही. बर्बनला कायद्यानंच आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप लागतं, वर केंटकी या अमेरिकेतल्या राज्याचा उन्हाळा. वीस-बावीस वर्षांत लाकूड इतकं उतरतं की कधीकधी कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडते. मला १२ ते १५ मधली आवडते. २३ वाल्यांनी खुशाल हसावं.

पण सगळ्यात महागात पडते ती बाटलीचा काळ न तपासण्याची घाई. केंटकीतल्या लुईव्हिलला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मीही ती केली. इथून जवळच, शायव्हलीला, स्टिट्झेल-वेलरची डिस्टिलरी. १९३५ ला सुरू झाली, १९९२ ला भट्टी थंडावली, आणि तेव्हापासून त्या नावानं भले भले वेडे होतात. ओळखीच्या ओळखीतून एकानं 'सत्तरच्या दशकातली' म्हणून बाटली दाखवली. मी रोख मोजले, कारण दुसरं गिऱ्हाईक म्हणे वाटेत होतं. (दुसरं गिऱ्हाईक नेहमी वाटेतच असतं.) घरी बायकोनं चष्मा लावून मागचं लेबल वाचलं. "गरोदर बायकांनी पिऊ नये, असं लिहिलंय बघ." माझ्या पोटात गोळा आला. हा सरकारी इशारा सक्तीचा झाला नोव्हेंबर १९८९ मध्ये! खाली ७५० मिलीही छापलेलं. ते माप इथे १९८० पासून सक्तीचं. त्याआधी क्वार्टचे, म्हणजे पाव गॅलनचे, हिशेब असायचे.

तेव्हापासून आधी मागचं लेबल, मग माप, मग टॉर्च लावून तळ. काचेत बऱ्याचदा दोन आकडे असतात, ते काचेची बाटली बनवल्याचं साल. बुचावरून गेलेली सरकारी कराची पट्टी १९८५ पर्यंत सक्तीची होती, तीही बघतो. पण पट्टी नकली चिकटवता येते, तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आता तर मी दुकानातूनच घेतो. २०१८ पासून केंटकीत परवानाधारक दुकानांना लोकांकडच्या जुन्या सीलबंद बाटल्या घेऊन विकता येतात. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका. एवढं कडक मद्य बूच खातं. उभीच ठेवा, उन्हापासून लांब. जुनं बूच उघडताना तुटणारच असं धरून चाला. मी बूच घट्ट धरून बाटली सावकाश फिरवतो. शेजारी कॉफीचा फिल्टर आणि धुतलेलं जादा बूच तयार. स्क्रू घालून खेचणाऱ्यांनी भुगा गाळत बसावं.

साठ-सत्तरच्या दशकातले चिनी मातीचे सुरेख डिकँटर मिळतात. काहींच्या झिलईतलं शिसं आतल्या दारूत उतरलेलं असतं. शोकेसमध्ये ठेवा, पिऊ नका.

आणि रिकामी बाटली तशीच टाकू नका, विकू तर नकाच. त्यात स्वस्त माल भरून पुन्हा विकणारे बसलेले आहेत. मी ब्लेडनं लेबलावर फुली मारतो, मगच कचऱ्यात.