जर्मन रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, गोड आहे की नाही, हे बाटली न उघडता कसं ओळखाल?

लेबलवरचे काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द वाइनची गोडी सांगतात, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ते तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती, एवढंच सांगतात. ती सगळी साखर आंबवून तिचं अल्कोहोल झालं, तर श्पेटलेझेसुद्धा कोरडी, म्हणजे गोडी नसलेली लागते. म्हणून आधी अल्कोहोलचा आकडा बघा. ७ ते ९ टक्के असेल, तर साखर शिल्लक आहे, वाइन गोड. १२ च्या पुढे असेल, तर बहुधा कोरडी. ‘ट्रोकन’ (कोरडी) लिहिलं असेल, तर प्रश्नच मिटला.

मात्र ‘ट्रोकनबेरेनआउसलेझे’ या लांबलचक नावाला फसू नका. इथे वाळलेली आहेत ती द्राक्षं, बुरशीने वेलीवरच सुकवलेली. वाइन मात्र सगळ्यांत गोड, मधासारखी दाट. आइसवाइनची द्राक्षं उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात वेलीवर गोठलेली असतानाच तोडून पिळतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो, गोड रस तेवढा निघतो.

पहिल्यांदाच घेत असाल, तर कमी अल्कोहोलची काबिनेट घ्या. गोडीला आंबटपणाची धार असते, त्यामुळे ती चिकट वाटत नाही. आणि हो, नीट गार करून प्या.