अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेताय? जुना अ‍ॅम्प आत्ताच विकू नका

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "काका, जुना अ‍ॅम्प काढून टाकला, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणले, पण मजा येत नाही हो." (अ‍ॅम्प म्हणजे आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये तो डब्याच्या आतच असतो.) मी विचारतो, अ‍ॅम्प कुठाय? विकला. स्पीकर? तेही विकले. म्हणजे आता तुलना करायला घरात काहीच उरलं नाही. एवढी घाई तर लोक लग्नालासुद्धा करत नाहीत.

नवे आणि जुने निदान पंधरा दिवस एकाच खोलीत, एकाच जागी, तीच चार गाणी लावून ऐका. माझ्या लेखी याला पर्याय नाही. पहिल्या दिवशी नवीन वस्तू नेहमीच भारी वाटते.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे खोलीच्या दोषाची शिक्षा स्पीकरला देणं. माझा एक मित्र आहे, बँकेतून निवृत्त झालेला. १० बाय १२ ची खोली, खाली टाइल्स, चारी बाजूंना काँक्रीट. त्याची तक्रार अशी की बेस नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत. कुणीतरी सांगितलं, अ‍ॅम्प आणि स्पीकरची जोडी जमत नाहीये, अ‍ॅक्टिव्ह घे. यानं जुने उभे स्पीकर अर्ध्याहून कमी किमतीत काढले, नवे आणले आणि टीव्हीच्या शोकेसमध्ये दोन्ही कोपऱ्यांत कोंबले. घुमणं जसंच्या तसं.

मी टेप घेऊन गेलो. खोली १० फूट रुंद आणि छतही १० फुटांवर. एवढ्या अंतरात आवाजाची जी लाट नेमकी अडकून बसते ती साधारण ५६ हर्ट्झची. इथे ती रुंदीतही अडकते आणि उंचीतही. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे तो एक सूर आला की अख्खी खोली त्याच्या सुरात सूर मिसळणार, स्पीकर कुठलाही असो. त्यात कोपरा म्हटला की बेसला आणखी जोर चढतो. वर हा सोफ्यात भिंतीला डोकं टेकून बसायचा, आणि भिंतीलगत बेस सगळ्यात फुगलेला असतो.

स्पीकर शोकेसमधून काढून प्लास्टिकच्या दोन स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून दोन फूट पुढे. सोफा दीड फूट पुढे ओढला. मागच्या बाजूला बेस कमी करायचं बारीक बटण होतं (मॉनिटर, म्हणजे स्टुडिओत वापरतात त्या प्रकारच्या बऱ्याच स्पीकरना असतं, आणि कुणीही मागे वळून बघत नाही), ते एक घर खाली केलं. मग डग्ग्याची घुमक वेगळी ऐकू आली आणि गाण्याचे शब्द वेगळे. मित्र बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे जुनेही असे वाजले असते?" मी चहा पीत राहिलो.

तेव्हा आधी हे करा. स्पीकर हलवा, खाली जाड सतरंजी टाका, समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी एकीला पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा द्या. सतरंजी-पडद्यानं टाळ्यांसारखी खणखण जाते, बेसला मात्र जागाच बदलावी लागते. एवढं करून चार दिवस ऐका. जुन्या वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, कडेचा फोमही एकदा बोटानं दाबून बघा. आपल्या दमट हवेत तो मेणासारखा चिकट होतो, मग भुगा होतो. तो बदलून मिळतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. खरखरीपायी अख्खा सेट बदलणारे लोक मी पाहिलेत.

दुसरी चूक, पॉवर्ड आणि अ‍ॅक्टिव्ह एकच समजणं. दुकानदारही सर्रास एकच सांगतात. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये सिग्नल आधी खालच्या आणि वरच्या सुरांत वाटला जातो, मग वूफरला वेगळा अ‍ॅम्प आणि वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या ट्वीटरला वेगळा. पॉवर्डमध्ये नेहमीचाच अ‍ॅम्प डब्याच्या आत बसवलेला असतो आणि वाटणी त्याच्यानंतर कॉइल-कपॅसिटरवर होते. ओळख सोपी आहे. एकाच स्पीकरला वीज आणि दुसऱ्याला साधी लाल-काळी वायर जात असेल तर तो पॉवर्ड. वाईट नसतो, पण पैसे अ‍ॅक्टिव्हचे मोजू नका.

आता गुणगुण. ही माझ्याच घरची गोष्ट, त्यामुळे हसायला हरकत नाही. नवे स्पीकर लावले, रात्री किराणा घराण्याचं काहीतरी लावलं. बायको म्हणाली, "तानपुरा छान लागलाय." रेकॉर्डिंग संपलं, तानपुरा चालूच. पन्नास हर्ट्झची घूं. स्पीकर सदोष म्हणून परत पॅक करायला घेतले होते. इलेक्ट्रिशियन आला, म्हणाला, "साहेब, अर्थिंगची पिन काढून टाका, जाईल." असलं कुणी सांगितलं तर त्याला चहा द्या आणि घरी पाठवा. आत काही बिघडलं तर स्पीकरच्या पत्र्यात वीज उतरते आणि ती वाहून न्यायला मग तुम्हीच उरता.

शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. मागच्या वायरी एकेक उपटत गेलो. लॅपटॉपचा चार्जर काढला, फरक नाही. सीडी प्लेअर काढला, नाही. सेट टॉप बॉक्सची केबलवाल्याची जाड काळी वायर उपटली आणि खोली शांत. त्या वायरीचं अर्थिंग कुठेतरी गच्चीवर, आमच्या घराचं वेगळं, आणि दोन्हींमधला फरक स्पीकरमधून गात होता. साध्या अ‍ॅम्पला वीज एका जागी लागते, अ‍ॅक्टिव्हला दोन, म्हणून हा घोळ इथे जास्त होतो. मी आता टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरनं घेतो. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे विषयच संपतो. दोन्ही स्पीकर आणि बाकी सगळं एकाच चांगल्या, अर्थिंग असलेल्या बोर्डवर. लांब वायर टाकायची तर बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरणारी गुणगुण कापणारी, तीन पिनांची एक्सएलआर.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

अ‍ॅम्पची स्पीकरला जाणारी वायर अ‍ॅक्टिव्हच्या लाइन इनपुटमध्ये घालू नका. हे लोक खरंच करतात. सीडी प्लेअर दोनेक व्होल्ट देतो, अ‍ॅम्प त्याच्या कितीतरी पट. इनपुट जळू शकतं.

टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) थेट जोडून 'आवाजच येत नाही' म्हणू नका, मधे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज लागतो.

अ‍ॅम्प गेला की रिमोट गेला, इनपुट बदलायचं बटणही गेलं. स्टुडिओवाल्या स्पीकरना आवाजाची बटणं मागे, दोन्हीकडे वेगवेगळी. म्हणजे प्रीअ‍ॅम्प (इनपुट निवडायचा आणि आवाज कमीजास्त करायचा डबा) किंवा आवाज कमीजास्त करता येणारा डॅक (डिजिटल आवाजाचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारा डबा) आलाच, तो खर्च आधी धरा.

ट्वीटरला कान लावून 'सूं ऐकू येतं' अशी तक्रार करू नका. बसता तिथून ऐकू आलं तर फोन करा.

आणि खोका फेकू नका. अ‍ॅक्टिव्हमधलं सर्किट बिघडलं की सुटा अ‍ॅम्प नाही, अख्खा जड डबा दुरुस्तीला पाठवावा लागतो, आणि थर्माकोलच्या साच्याशिवाय तो कुरिअरवाल्याच्या हाती देववत नाही. माझे दोन खोके माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी आहेत. दर भाद्रपदात बायको विचारते, मी विषय बदलतो.