ऑक्टोबर छाटणीआधी मिनी ट्रॅक्टरचे फिल्टर: नंबर बघूनच घ्या

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने फवारणारं यंत्र, रोज निघतो, पाऊस पडला तर दिवसातून दोनदा. पीटीओ (ट्रॅक्टरमागचं यंत्र फिरवणारा शाफ्ट) लावून, चढ्या आरपीएमवर इंजिन तासन्‌तास चालतं. अशात डिझेल फिल्टर तुंबून ट्रॅक्टर ओळीतच बंद पडला की फवारणीची वेळ हुकते. म्हणून छाटणीच्या पंधरा दिवस आधी इंजिन ऑइल, डिझेल, हवा आणि हायड्रॉलिक हे चारही फिल्टर बघून घ्या. बदलायला ते फार अवघड नसतात. घोळ होतो तो खरेदीत.

दुकानात जाऊन ‘चोवीस एचपीचा ऑइल फिल्टर द्या’ म्हणू नका. एचपीवरून फिल्टर ठरत नाही. कुबोटाचे बी २४४१ आणि बी २७४१ बघा. बाहेरून बरेच सारखे, पण एकाचं इंजिन ११२३ सीसीचं, दुसऱ्याचं १२६१ सीसीचं. एखादा फिल्टर दोन्हींना चालतही असेल, पण ते पार्ट कॅटलॉगने सांगायचं, काउंटरवरच्या अंदाजाने नाही. शिवाय एकाच मॉडेलमध्ये मधेच पुरवठादार किंवा फिल्टरचं हेड (ज्यावर फिल्टर चढतो तो भाग) बदललेलं असू शकतं. त्यामुळे मॉडेलच्या जोडीला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लागतोच. दोन्ही आरसी पुस्तकावर असतात. तरी ट्रॅक्टरवरची प्लेट आणि इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर फडक्याने साफ करून दोन्हींचे फोटो काढा. सेकंडहँड ट्रॅक्टरचं इंजिन बदललेलं असेल तर आरसीवर विसंबून चालत नाही.

जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबरही टिपून ठेवा, पण तो डोळे झाकून पुन्हा मागू नका. आधीच्या मिस्त्रीने ‘बसतोय ना’ म्हणून भलताच फिल्टर लावलेला असू शकतो. जुन्या फिल्टरवरचा आणि पार्ट कॅटलॉगमधला नंबर जुळला तर उत्तम. शोरूमच्या कॉम्प्युटरवर नवाच नंबर दिसला तर ‘जुना नंबर बदलून हा आलाय का?’ असं स्पष्ट विचारा. कंपन्या जुने नंबर रद्द करून नवे देतात, त्यात वावगं काही नाही.

कंपनीचाच फिल्टर हवा असं नाही. फ्लीटगार्ड, एलोफिक, बॉश यांचेही चालतात, मात्र त्यांच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या मूळ पार्ट नंबरसमोर त्यांचा नंबर छापलेला असला पाहिजे. नाव नाही, नंबर नाही, असा खोक्यातला फिल्टर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सगळ्यात फसवं प्रकरण आट्यांचं. इंजिन ऑइल फिल्टरमध्ये दोन आटे नेहमी दिसतात: पाऊण इंची, इंचाला सोळा आटे, आणि २० मिमी, दीड मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, म्हणजे फरक एक मिमीचासुद्धा नाही. पाऊण इंची स्टडवर (हेडमधल्या आटे असलेल्या नळीवर) २० मिमीचा फिल्टर फिरवला तर तो चढतो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे अर्धवटच धरलेले असतात. इंजिन तापून ऑइलचं प्रेशर आलं की फिल्टर निसटतो आणि ऑइल जमिनीवर. हाताने चढवताना डुगडुगला तर तिथेच थांबा. व्हर्नियरने स्टड मोजा. सीलचा बाहेरचा-आतला व्यास आणि डब्याची उंचीही जुन्या फिल्टरशी ताडून बघा.

मापं जुळली तरी पोटातली रचना वेगळी असू शकते. फिल्टर तुंबल्यावर ऑइलला वाट देणारा बायपास वाल्व किती प्रेशरला उघडतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे न जाऊ देणारं रबर आहे की नाही, कागद किती बारीक आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच हायड्रॉलिकच्या जागी इंजिन ऑइलचा फिल्टर लावणं महागात पडतं. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तिथे कागद जास्त बारीक असेल तर पंपाला ऑइल पुरत नाही. पंप ओरडतो, लिफ्ट झटके देत उचलते. ओ-रिंग (सीलची गोल रबरी कडी) चिमटली तरी लक्षणं तीच, आणि ऑइलला फेस येतो.

एअर फिल्टरचे दोन भाग असतील तर बाहेरचा काढून हवेने झटका. हवा आतून बाहेर मारायची, प्रेशर ३० पीएसआयच्या आत. पंक्चरवाल्याच्या पाइपने थेट मारलं तर कागद फाटतो आणि ते भोक उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. आतला छोटा फिल्टर धुवू नका, झटकू नका. वेळ आली की बदला. गंधकाच्या धुरळणीनंतर आणि फवाऱ्याच्या तुषारांत चालल्यावर डबा एकदा उघडून बघा. ओली भुकटी कागदाला चिकटली की झटकून निघत नाही.

पावसाळ्यात ड्रममधल्या डिझेलात पाणी उतरतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या काही वाट्यांमध्ये लाल रिंग असते, पाणी साचलं की ती वर येते. पाणी काढल्याशिवाय नवा फिल्टर लावण्यात अर्थ नाही. नवा डिझेल फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून लावू नका, त्यातली घाण गाळल्याशिवाय थेट इंजेक्शन पंपात जाते. रिकामाच लावा. मग हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर हेडवरचा हवेचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा. इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ‘ऑन’वर ठेवून थांबा. हवा राहिली तर ट्रॅक्टर सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडतो आणि लोक फिल्टरलाच नावं ठेवतात.

ऑइल फिल्टर काढल्यावर हेडवर बोट फिरवा. जुनं रबर तिथेच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढला तर दुहेरी रबर प्रेशरला टिकत नाही. नव्या रबराला बोटाने ऑइल लावा. रबर टेकल्यावर डब्यावर लिहिलंय तेवढंच फिरवा, बहुतेकदा ते पाऊण फेरा असतं. आवळायला चेन पाना नको, तो फक्त काढायला. ठरल्याइतकं ऑइल भरा, इंजिन सुरू करून ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो का बघा. विझला नाही तर लगेच बंद. विझला तर गळती तपासा, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहा.

नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्या ५० तासांना सांगतात. पुढचं अंतर तुमच्या पुस्तिकेत आहे, ते मीटरच्या तासांवरून मोजा. बदलल्याचे तास मार्करने फिल्टरवरच लिहा. एक जादा डिझेल फिल्टर घरात असू द्या, सीलबंद खोक्यात, खताच्या पोत्यांपासून लांब.